निळं व्हायला किती थेंब

लोखंडाला Fe का म्हणतात हे मला दहावीत कळलं नव्हतं आणि लग्नाला अकरा वर्षं झाली तरी कळलेलं नाही. सोडियमला S नाही, Na. पोटॅशियमला P नाही, K. शाळेतल्या बाई म्हणायच्या, का ते विचारू नका, पाठ करा. मी पाठ केलं, पेपरात एकाचं चिन्ह दुसऱ्याला लावलं आणि विज्ञानात काठावर पास झाले. त्यानंतर या विषयाचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण नशिबात असलं की रसायनशास्त्र मेंढरांच्या वस्तीवरसुद्धा शोधत येतं.

माझं माहेर सोलापूरचं. वडील नव्या पेठेत कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचे. बारावी झाली आणि मी मल्हारच्या घरी आले. शहरापासून एसटीनं सव्वा तास, पुढं पायी वीस मिनिटं. धनगरांची वस्ती, पस्तीस उंबरे. मल्हार वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर असतो. घरी मी, दोन पोरं आणि सासू चिमाबाई. तिला मी आत्या म्हणते.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीत पाणी तपासायची पेटी आली. तपासणी गावातल्याच बायकांनी करायची असा वरून नियम. पाच नावं कागदावर चढली. त्यातल्या चौघींना घरातून सवड मिळाली नाही. पाचवी मी. ‘तू शिकलेली हायस की,’ असं म्हणून सगळ्यांनी मला पुढं ढकललं. विज्ञानात मला किती मार्क पडले होते ते मी कुणाला सांगितलं नाही.

प्रशिक्षण सोलापुरात होतं. हॉलमध्ये साठेक बायका आणि प्रत्येकीपुढं एक पेटी, आत बाटल्या, काचेच्या नळ्या, रंगांचे तक्ते. शिकवायला संघपाल सर होते, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतले केमिस्ट. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. एकच प्रश्न दहा वेळा विचारला तरी चिडत नव्हते. मी असते तर तिसऱ्या वेळी डस्टर फेकून मारलं असतं.

सरांनी फळ्यावर लिहिलं, Fe म्हणजे लोह, F म्हणजे फ्लोराइड, Cl म्हणजे क्लोराइड, NO₃ म्हणजे नायट्रेट.

मी हात वर केला. “सर, F आणि Fe एकाच घरातले का?”

“नाही ताई. दोन्ही वेगळी. Fe हे लोखंडाच्या लॅटिन नावावरून आलंय.”

“मग आम्ही लॅटिन कधी शिकायचं?”

हॉल हसला. सरही हसले आणि त्यांनी खाली आणखी एक लिहिलं, CaCO₃. Ca कॅल्शियम, C कार्बन, O ऑक्सिजन. ऑक्सिजनचे तीन अणू, म्हणून खाली बारीक तीन. मी वहीत उतरवून घेतलं आणि बघत बसले. कॅल्शियम हाडात असतं, कार्बन कोळशात, ऑक्सिजन हवेत. एवढं मला आठवत होतं. सर म्हणाले, तिघं असे जोडले गेले की चुनखडी होते, शहाबादी फरशीत असते ती, अंड्याच्या टरफलात असते ती. हाड, कोळसा आणि हवा मिळून अंड्याचं टरफल. माझ्या शेजारची बाई भराभर लिहीत होती, तिला काहीच अडचण आलेली दिसत नव्हती. मला तिचा रागच आला.

“पाण्याचा जडपणा CaCO₃ मध्ये सांगायचा,” सर म्हणाले.

“म्हणजे पाण्यात चुनखडी असते?”

“तशी नाही. पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं, मॅग्नेशियमही असतं. दोन्ही मिळून जेवढं होईल तेवढं CaCO₃ धरून सांगायचं.”

“जे पाण्यात नाहीच, त्यात मोजायचं?”

“मोजमापाची सोय असते ताई. सध्या असं धरून चाला.”

धरून चालले. कृती मात्र सोपी होती. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं. पहिल्या बाटलीतले पाच थेंब टाकायचे. दुसऱ्या डबीतली काळपट पूड चिमूटभर टाकायची, की पाणी डाळिंबी होतं. मग तिसऱ्या बाटलीतला एकेक थेंब टाकत, नळी हलवत राहायचं. डाळिंबी जाऊन पाणी निळं झालं की थांबायचं. एक थेंब म्हणजे लिटरमागं दहा मिलिग्रॅम. साठ थेंबांपर्यंत निळं झालं तर ते पाणी पिण्यासाठी चालतं. साठाच्या पुढं गेलं तर चालत नाही.

घरी येऊन मी आत्याला पेटी उघडून दाखवली. पहिल्या बाटलीचं बूच काढल्याबरोबर तिनं नाक वर केलं.

“ह्यो तर वाडग्याचा वास की. सकाळी मेंढरं सोडताना येतो त्यो.”

वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायचं कुंपण. वहीत बघितलं तर त्या बाटलीपुढं सरांनी NH₃ लिहून दिलं होतं, अमोनिया. मूत कुजलं की तोच वायू सुटतो असंही सांगितलं होतं. मला जे चिन्ह लिहून घ्यावं लागलं होतं ते आत्यानं नाकानं ओळखलं. मग मी तिला CaCO₃ चं कोडं घातलं, पाण्यात दोन वस्तू आणि सांगायचं तिसरीच्या नावानं. तिला त्यात कोडं काही वाटलंच नाही.

“आपल्या कळपात शेरडं बी हायत न्हवं? पर कुणी इचारलं तर म्हंतोच की, दीडशे मेंढरं हायत म्हनून. सगळ्यास्नी कळतंय त्यात शेरडं धरल्यात ते.”

हे सरांनी सांगितलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता.

आता ही तपासणी एवढी महत्त्वाची का, ते सांगते. गावाला नळयोजना मंजूर झाली होती. पाण्याची टाकी एकच बांधायची होती आणि जागा दोन होत्या. एक आमच्या वस्तीवरची बोअर, जिथं आम्ही आज हातपंपानं पाणी भरतो. दुसरी खाली गावठाणातली विहीर. वस्ती उंचावर आहे. टाकी वस्तीवर बांधली तर आम्हाला दारात नळ आणि उताराला गावालाही नळ. टाकी गावठाणात बांधली तर गावाला नळ आणि वस्तीची पाइपलाइन ‘पुढच्या टप्प्यात’. हा पुढचा टप्पा आमच्या वस्तीनं रस्त्याच्या वेळी बघितला होता, विजेच्या वेळीही बघितला होता. आत्या सदुसष्ट वर्षांची आहे. तिचे दोन्ही गुडघे सुजलेले असतात आणि मी लाख नको म्हटलं तरी रोज पाच-सहा कळशा तीच आणते, कारण मला रोजगाराला जावं लागतं. तिला मरायच्या आधी एकदा दारातली तोटी सोडून पाणी प्यायचं होतं. हे ती हसत हसत म्हणायची, पण म्हणायची रोज.

पाणी समितीनं सांगितलं, दोन्ही पाण्यांची तपासणी करा, वस्तीचं पाणी चांगलं निघालं तर टाकी वस्तीवर. गावठाणातली विहीर मी आधी तपासली. अडतीस थेंबांत निळं. सगळं वहीतल्यासारखं झालं आणि मला जरा घमेंडच आली.

मग आमची बोअर. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून घरी आणलं आणि अंगणात बसले. वाडग्याच्या वासाचे पाच थेंब टाकले. पूड टाकली. पाणी डाळिंबी झालं, पण विहिरीचं झालं होतं तसं नितळ नाही, जरा गढूळ तांबडं. असेल बोअरचं पाणी असं, मी मनात म्हटलं. दहा, वीस, तीस थेंब. चाळीसला काही नाही. साठालाही नाही. सत्तरच्या आसपास रंग बदलला खरा, पण निळा कुठला, मातकट तपकिरी. मी हलवत राहिले, टाकत राहिले. त्र्याऐंशी थेंबांवर हात थांबवला. नळी उन्हात धरली, सावलीत धरली. तक्त्यावरचं निळं आणि माझ्या हातातलं मातकट यांचं काही नातं नव्हतं.

खोटा आकडा लिहायचा विचार आला का? आला. लिहिला मात्र नाही, आणि त्यात माझा मोठेपणा नाही. मला मुळात काय झालंय तेच कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीत खोटं कसं बोलायचं तेही कळत नव्हतं. मी लिहिलं, ‘८३० पेक्षा जास्त. निळे झाले नाही.’

तो कागद समितीत वाचला गेला आणि वस्ती माझ्यावर उलटली. जन्मभर तेच पाणी पिऊन मोठी झालेली माणसं मला विचारायला लागली की आम्ही काय खडू पीत होतो का. माझी जाऊ दोन दिवस बोलली नाही. एक म्हातारा म्हणाला, सोलापूरची पोरगी, तिला काय वस्तीचं. अकरा वर्षं शेण काढल्यावर हे ऐकायला मिळालं. मीही गप्प बसले नाही, त्याला चार शब्द सुनावले, मग घरात जाऊन रडले.

आत्या एवढंच म्हणाली, “जे दिसलं तेच लिवलंस न्हवं?”

“जे दिसलं ते काय हाय तेच मला कळंना झालंय.”

“मग ज्याला कळतंय त्याला जाऊन इचार.”

दुसऱ्या दिवशी उरलेलं पाणी त्याच बाटलीत घेऊन मी सोलापूर गाठलं. प्रयोगशाळेत संघपाल सर एकटेच होते. मी त्र्याऐंशी थेंबांची कर्मकहाणी एका दमात सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग बाटली उजेडात धरून हलवली आणि पाणी पांढऱ्या कागदातून गाळलं. कागदावर बारीक पिवळी रेती उरली. सरांनी त्यावर पहिल्या बाटलीचा, त्या वाडग्याच्या वासाचा, एक थेंब टाकला. पिवळ्याचं तांबडं झालं.

“हे काय असेल?” सर स्वतःशीच म्हणाले.

ते मी रोज बघते. पोरांच्या शर्टावर वरणाचा डाग पडतो, साबण लावला की तो लाल होतो.

“हळद,” मी म्हणाले.

आणि म्हणताक्षणी मला सगळं कळलं. आमच्या घरात कोणतीही नवी वस्तू भंडारा लावल्याशिवाय वापरत नाहीत. भंडारा म्हणजे देवाची हळद. आत्याच्या कमरेला त्याची पिशवी असतेच. नवी घागर, नवं घोंगडं, पहिलटकरीण मेंढी, पोराचं दप्तर, सगळ्याला चिमूट. माझी पेटी आली तेव्हा तिनं पेटीला लावला होता, बाटल्यांनाही लावला होता. ते मी बघितलं होतं आणि बघूनही न बघितल्यासारखं झालं होतं, कारण आमच्या घरात पिवळं कुणाच्या डोळ्यावर येतच नाही. भिंतीला पिवळं, उंबऱ्याला पिवळं, माझ्या बोटांनाही पिवळं. बोअरच्या पाण्याच्या बाटलीत वरून एक चिमूट कुणी टाकली ते विचारायची गरज नव्हती.

मला वाटलं सर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला आणि समजावून सांगितलं. हळद साध्या पाण्यात पिवळी राहते, अमोनियात तांबडी होते. निळं झालंच असेल तर त्या तांबड्याखाली दिसलं नसेल, म्हणून मातकट.

“म्हणजे कितव्या थेंबाला झालं?”

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही. हा नमुना बाद. मी स्वतः येतो. सगळ्यांसमोर पुन्हा करू.”

“पण पाणी चांगलं आहे ना सर?”

“ताई, तुमची चूक झाली एवढंच आज कळलंय. पाणी कसं आहे ते कळलेलं नाही.”

ही गोष्ट परतीच्या एसटीत मी मनात किती वेळा घोळवली. उत्तर चुकीचं ठरलं म्हणजे उलटं उत्तर बरोबर ठरत नाही. कळत होतं आणि पटत नव्हतं.

घरी आल्यावर मी आत्यावर ओरडले. इतकी वर्षं तिच्याशी वरच्या आवाजात बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता हात थांबला होता.

“तुजं काम नीट व्हावं म्हनून टाकला गं. वस्तीसाटी पयलंच काम हुतं तुजं.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, “मग बोअर चांगली हाय म्हन की.”

“ठावं न्हाय आत्या.”

पण वस्तीला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत पस्तीसही घरांत बातमी गेली की पाण्यात दोष नव्हता, दोष हळदीचा होता, टाकी वस्तीवरच होणार. जाऊ बोलायला लागली. मला ‘सोलापूरची पोरगी’ म्हणणारा म्हातारा हातपंपाला वाहायला नारळ घेऊन आला. मी सांगत फिरले की अजून काही ठरलं नाही, आणि माझं कुणी ऐकेना. आधी वाईट सांगितलं तेव्हा माझ्यावर विश्वास नव्हता, आता काही सांगत नव्हते तर सगळ्यांचा विश्वास बसला होता.

गुरुवारी सकाळी संघपाल सर नवी पेटी घेऊन आले. हातपंपाजवळ वस्ती जमली, गावठाणातूनही पंधरा-वीस जण आले. त्यांच्या पुढं उपसरपंच हरिदास. विहीर त्याच्या आळीत, त्यामुळं टाकी खाली व्हावी ही त्याची इच्छा सगळ्यांना माहीत होती. माणूस वाईट नाही, पण आपलं घोडं दामटायची एकही संधी सोडत नाही.

सर म्हणाले, कुणीही जवळ यायचं नाही, सगळे वीस पावलं लांब. एकानं रेघ मारायला चुन्याची पाटी आणली. सर एकदम म्हणाले, “चुना नको, चुना नको. तोच तर मोजायचाय.” मग काठीनं मातीत रेघ ओढली.

“तपासणी कोन करनार?” हरिदासनं विचारलं.

“ज्यांचं काम आहे त्या. रुपालीताई.”

“ती वस्तीची सून. थेंब तीच टाकनार, तीच मोजनार. आमी काय निस्तं बगायचं?”

“मी नळीमागं पांढरा कागद धरून रंगाकडं बघतो,” सर म्हणाले. “रंग मी सांगेन. पण मी मोजणार नाही. दोन्हीकडं लक्ष ठेवलं तर दोन्ही बिघडतं. मोजायला तुम्ही सगळ्यांनी मिळून एक माणूस द्या.”

गावठाणात कुजबुज झाली. मला वाटलं हरिदास स्वतःच पुढं येतो. पण त्यानं वस्तीकडं हात केला.

“चिमाबाईला मोजू द्या.”

माझा विश्वास बसेना. गावठाणातल्या एकानं तसं बोलूनही दाखवलं, ती तर हिची सासू. हरिदास म्हणाला, “म्हनून काय झालं. गावातली सगळी मेंढरं एकत्र चारायला जात्यात तवा संध्याकाळी दारात कोन उभं ऱ्हातंय? चाळीस वर्सं तीच मोजतीया. माझ्या बापाची बी तिनंच मोजली. कुणाचं एक इकडचं तिकडं झालं न्हाय.”

आत्या पुढं आली. पहाटेच तिनं साबणानं हात कोपरापर्यंत धुतले होते आणि कपाळ कोरडं पुसलं होतं. कमरेची पिशवी घरी ठेवून आली होती. तिला मी इतक्या वर्षांत तशी कधी बघितली नव्हती. तिनं वाकून जमिनीवरून चार खडे उचलले, उजव्या मुठीत धरले आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिच्या पिढीची मोजणी विसाविसाची. एक वीस झाले की एक खडा या मुठीतून त्या मुठीत. मोजताना ओठ हलवायचे नाहीत, दुसऱ्याच्या आवाजानं मोजणी मोडते.

पाणी सरांनी स्वतः भरलं. मी पाच थेंब टाकले, पूड टाकली. पाणी डाळिंबी झालं, आणि या वेळी स्वच्छ, विहिरीसारखं. वस्तीकडून एक हुंकार आला. मी तिसरी बाटली उलटी धरली.

मीही मनात मोजत होते. बत्तीसपर्यंत नक्की मोजलं. मग कुणाचं तरी पोर रडलं आणि मी तेहेतीस दोनदा म्हटलं, का म्हटलंच नाही. पुढं एकेचाळीस की बेचाळीस. एक थेंब नळीच्या काठाला लागून आत गेला, तो मी धरला की नाही तेही आठवेना. आत्याकडं बघितलं तर तिची नजर माझ्या हातावर, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

“जांभळट झालंय,” सर हळूच म्हणाले. “आता सावकाश.”

माझ्या हिशेबानं तेव्हा पन्नासच्या थोडं पुढं होतं. किंवा अठ्ठावन्न. मी एक थेंब टाकला. हलवलं. जांभळं. आणखी एक. जांभळं. देवा, हो की बाबा निळं. आणखी एक. आणखी एक टाकला आणि नळी तळापासून वरपर्यंत निळी झाली. इतकं सुंदर निळं मी तक्त्यावरही बघितलं नव्हतं.

“थांबा,” सर म्हणाले. “मावशी, किती?”

माझ्या डोक्यात सत्तावन्न होतं, एकोणसाठ होतं, बासष्टही होतं. मला खरंच ठाऊक नव्हतं. पण आत्याला ठाऊक होतं, आणि मी तिच्याकडं बघितलं. डोळ्यांनी मी तिला काय सांगितलं ते इथं लिहायला लाज वाटते. रोजच्या पाच-सहा कळशा, सुजलेले गुडघे, दारातली तोटी, सगळं सांगितलं. एकोणसाठ म्हणा, एवढंच सांगितलं.

तिनं डावी मूठ उघडली. आत तीन खडे होते.

“तीन इसा,” ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. साठ, म्हणजे चालतंय. सरांनी पेन टेकवलं आणि ती पुढं म्हणाली, “नि तीन.”

हरिदासनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, पण त्याचं तोंड उतरलं होतं. “चिमाबाई, परत येकदा मोजायचं का?” तोच म्हणाला.

“तुज्या मेंढरांला कदी परत मोजलं व्हय?” आत्या म्हणाली.

सरांनी लिहिलं, CaCO₃ ६३०. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्यांदा माझी तपासणी चुकली होती, तरी निकाल चुकला नव्हता. त्यांना मला धीर द्यायचा असावा. मला तो आणखी एक गोंधळ वाटला. चुकले तरी बरोबर ठरले, आणि बरोबर ठरून सगळं गेलं. जाताना त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला. तिला त्याचं कारण कळलं नाही, ती घाईघाईनं पदर सावरून मागं सरली.

टाकी गावठाणात होणार हे त्याच दुपारी कागदावर आलं. आमची पाइपलाइन पुढच्या टप्प्यात.

ऊन उतरल्यावर आत्या नेहमीसारखी कळशी घेऊन हातपंपावर निघाली. मी तिच्यामागं गेले. दिवसभर दाबलेला राग आता अनावर झाला. पंपाचा दांडा मी दाबत होते आणि ती कळशी धरून बसली होती.

“तीन थेंब, आत्या. निस्तं तीन. रेघेच्या आत आपुन तिघंच हुतो. सर रंगाकडं बगत हुते. मी तर कवाच इसरले हुते. कुणीच मोजत न्हवतं.”

तिनं कळशी भरेपर्यंत वाट बघितली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

“मी मोजत हुते की,” ती म्हणाली.